तिसऱ्या सिलिंडरचा दम

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मी पुण्याहून साताऱ्याला परतत होतो. खंबाटकीचा घाट गाडी कोणतीही कुरकुर न करता चढली. घाट उतरल्यावर सुरूरच्या अलीकडे चहासाठी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद करण्यापूर्वी सवयीप्रमाणे अर्धा मिनिट तसेच चालू ठेवले, तेव्हा स्टिअरिंग थरथरू लागले. थरथर एकसारखी नव्हती. भजनात तीन टाळकरी ठेक्यावर असावेत आणि चौथ्याचा टाळ दर आवर्तनाला पडायचा राहावा, तसा ठरावीक अंतराने एक ठोका गळत होता. ॲक्सिलरेटर किंचित दाबताच ठेका पुन्हा जुळे, आणि पाय काढला की पुन्हा चुके. सातारा येईपर्यंत डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवाही लागला.

यानंतरचे तीन आठवडे आणि बरेचसे पैसे ज्या क्रमाने खर्च झाले, तो क्रम बहुतेक गाडीमालकांना ओळखीचा वाटेल. एका गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला गेला, पी ०३०३ हा कोड निघाला आणि चारही प्लग बदलले गेले. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागला, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग, बदलली गेली. त्यानंतर इंजेक्टर साफ झाले. प्रत्येक वेळी कोड पुसला जाई, मी समाधानाने घरी येई, आणि साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर पहिल्या गर्दीत थांबलो की तोच गळका ठोका पुन्हा हजर होई. इंजेक्टरही बदलून पाहू, असा सल्ला मिळाला तेव्हा मी गाडी परत आणली. एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात माझी उभी नोकरी मोजमापे घेण्यात गेली आहे. आतापर्यंत या गाडीवर एकही मोजमाप झालेले नाही आणि केवळ अंदाजावर सुटे भाग बदलले जात आहेत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले, याची मला आजही थोडी लाज वाटते.

पी ०३०३ या कोडचा अर्थ एवढाच की तिसऱ्या सिलिंडरमध्ये स्फोट नीट होत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला एका सिलिंडरची पाळी येते आणि त्या स्फोटाने शाफ्टला क्षणभर गती मिळते. क्रँकचा सेन्सर ही गती सतत मोजत असतो. एखाद्या पाळीला अपेक्षित झटका आला नाही, की संगणक तो चुकलेला ठोका त्या सिलिंडरच्या खात्यावर टाकतो. पी ०३०१ ते पी ०३०४ हे एकेका सिलिंडरचे कोड आहेत आणि पी ०३०० म्हणजे चूक एकाच ठिकाणी बांधलेली नाही. ठिणगी कमजोर होती, इंधन कमी पडले, की आत भरलेली हवा दाबली जाण्याऐवजी कुठूनतरी निसटून गेली, यांतला फरक त्या सेन्सरला कळण्याचे काहीच कारण नाही. कोड आपल्याला सिलिंडरचा क्रमांक सांगतो, कारण सांगत नाही; आणि गॅरेजमध्ये नेमके क्रमांकालाच कारण समजले जाते.

विजेचा दोष आहे की नाही, हे ठरवायला नवा भाग विकत घ्यावा लागत नाही. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावावी, प्लगचीही तशीच अदलाबदल करावी, कोड पुसून गाडी चालवावी. दोष कॉइलबरोबर किंवा प्लगबरोबर पहिल्या सिलिंडरवर गेला, तर तो भाग खराब आहे. दोष जागचा हलला नाही, तर त्या दोन्ही वस्तू निर्दोष आहेत. रविवारी सकाळी अंगणात मी हे केले आणि दोष तिसऱ्या सिलिंडरलाच चिकटून राहिला. काढलेल्या प्लगांकडेही नीट पाहिले. प्लगवर कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त पडत असते, तेलकट ओला थर असेल तर पिस्टनच्या रिंगांकडून किंवा व्हॉल्व्हच्या ऑइल सीलकडून तेल वर येत असते, आणि एकच प्लग इतरांपेक्षा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट शिरत असल्याचा संशय घ्यावा. माझा तिसरा प्लग बाकी तिघांपेक्षा थोडा काळसर होता, एवढेच.

गाडी सीएनजीवर चालते, ही गोष्ट या सगळ्यात महत्त्वाची आहे. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पडण्यासाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल गॅसवर आधी उघडी पडते. ‘गॅसवर मिसिंग करते का, मग प्लग बदला’ हा गॅरेजमधला रिवाज त्यातून आला आहे आणि तो पुष्कळदा बरोबरही ठरतो. परंतु माझी गाडी पेट्रोलवर टाकली तरी ठोका गळतच होता, फक्त थोडा कमी. दोन्ही इंधनांवर, अदलाबदल केलेल्या कॉइल-प्लगांवर, साफ केलेल्या इंजेक्टरांवर तोच सिलिंडर चुकत असेल, तर इंजिनाच्या लोखंडाकडे वळायलाच हवे.

आमच्या भागात एक वयस्कर मिस्त्री आहेत, ज्यांचे शेड फारसे कोणाच्या नजरेत भरत नाही. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी एक गोष्ट केली. इंधन बंद करून मला फक्त स्टार्टर फिरवायला सांगितले आणि स्वतः मान कलती करून ऐकत उभे राहिले. निरोगी इंजिन स्टार्टरवर फिरताना प्रत्येक सिलिंडरच्या दाबापाशी सारखेच अडखळते आणि त्यामुळे आवाजाला एक समान लय येते. एखाद्या सिलिंडरमध्ये दाबच तयार होत नसेल, तर स्टार्टरला तिथे कष्ट पडत नाहीत आणि लय मध्येच पळाल्यासारखी वाटते. मिस्त्री म्हणाले, “साहेब, ह्यात करंटाचं काय न्हाई. एका सिलिंडरचा दम गेलाय.” मोठ्या वर्कशॉपमध्ये हीच परीक्षा स्टार्टरला जाणारा करंट पडद्यावर आलेखासारखा पाहून करतात. चार उंचवट्यांतला एक बुटका दिसला, की निदान तेच. मिस्त्रींचा पडदा त्यांच्या कानात होता.

कानावर माझा विश्वास होता, तरीही मला आकडा हवा होता. सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज मिस्त्रींकडे होता, पण त्याची रबरी टोपी हाताने दाबून धरावी लागे. मी चुडीचा, म्हणजे प्लगच्या जागी आटे घालून बसवायचा, नवा गेज आणला. ही परीक्षा अगदी सोपी आहे, म्हणूनच ती निष्काळजीपणे केली जाते आणि चुकीचे आकडे देते. इंजिन गरम असावे, कारण पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्ह आपापल्या कामाच्या मापात तेव्हाच येतात. चारही प्लग काढलेले असावेत, नाहीतर स्टार्टर मंद फिरतो. इंजेक्टर आणि कॉइल यांचे कनेक्टर काढावेत. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा. माझ्या गाडीसारखे तारेऐवजी विजेवर चालणारे थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारा पडदा, असेल, तर पाय दाबूनही पडदा उघडतोच असे नाही, तो डोळ्यांनी पाहून खात्री करावी, कारण बंद थ्रॉटलवर हवाच आत येत नाही आणि चांगले इंजिनही आजारी दिसते. बॅटरी पूर्ण भरलेली असावी. प्रत्येक सिलिंडरला दाबाचे सारखेच झटके द्यावेत, मी सहा मोजले. आणि पहिल्या झटक्याला काटा कुठवर गेला, तेही लिहून ठेवावे. पहिल्याच झटक्याला काटा निम्म्याच्या वर उडी घेत असेल तर सिलिंडर ठीक, आणि तो हळूहळू रांगत वर चढत असेल तर रिंगांवर संशय.

माझे आकडे असे आले: पहिला दर चौरस इंचाला १७२ पौंड, दुसरा १६८, तिसरा १०४, चौथा १७०.

येथे एक विषयांतर करणे भाग आहे, कारण त्यावरून मिस्त्रींशी माझा अर्धा तास वाद झाला. गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत कॉम्प्रेशन दर चौरस सेंटिमीटरला १४ किलो, म्हणजे दर चौरस इंचाला १९९ पौंडांच्या आसपास दिले होते, आणि त्या हिशेबाने माझे तिन्ही ‘चांगले’ सिलिंडरही कमकुवत ठरत होते. परंतु पुस्तिकेतला आकडा समुद्रसपाटीच्या हवेचा असतो. सातारा शहर सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ९२ टक्क्यांच्या आसपास असतो. सिलिंडरमध्ये मुळात भरणारी हवाच कमी, तर दाबून होणारा आकडाही त्या प्रमाणात कमी येणार. तेव्हा साताऱ्यात नव्या इंजिनानेही १८३ पौंडांच्या आसपास दाखवले तर ते शंभर टक्के गुण धरावेत. हीच गाडी महाबळेश्वरला नेऊन मोजली असती, तर सुमारे १३७० मीटर उंचीमुळे आकडा पुस्तिकेपेक्षा पंधरा टक्क्यांनी खाली आला असता आणि एखाद्या उतावळ्या माणसाने इंजिन उतरवले असते. मिस्त्रींचे म्हणणे मात्र वेगळे होते. पुस्तकातला आकडा बघायचाच कशाला, शेजारचा सिलिंडर बघावा, तो काय निराळी हवा खातो का? वाद त्यांनी जिंकला, हे मान्य करावे लागेल. चार सिलिंडर एकाच हवेत, एकाच बॅटरीवर, एकाच गेजने मोजले जातात. त्यामुळे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांतला फरक हाच खरा पुरावा असतो. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. माझ्याकडे तो जवळजवळ चाळीस टक्के होता.

आकडे कोणत्या रचनेत पडतात, हेही बोलके असते. शेजारशेजारचे दोन सिलिंडर मिळूनच कमी आले, तर त्या दोघांमधला हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधल्या सीलचा, अरुंद पट्टा जळालेला असण्याची शक्यता मोठी. चारही सारखेच कमी आले, तर टायमिंग बेल्ट किंवा चेन एखादा दात सरकली आहे का, ते पाहावे, कारण व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी मिटत असतील तर दाब सर्वत्रच घटतो. अर्थात त्याआधी थ्रॉटल खरोखर उघडे होते ना आणि बॅटरी उतरली नव्हती ना, हे पुन्हा तपासावे. एकटा सिलिंडर कमी असेल, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह. या दोघांतला निवाडा करण्याची जुनी रीत म्हणजे प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजणे. तेल रिंगांभोवती पसरून तेवढ्यापुरती फट बुजवते, त्यामुळे आकडा भराभर वर गेला तर रिंगा झिजलेल्या आहेत. व्हॉल्व्हच्या फटीवर मात्र तेल टिकत नाही. तेल जास्त ओतू नये, कारण जागा भरल्याने आकडा खोटाच वाढतो. माझा १०४ चा आकडा तेल टाकल्यावर १०८ झाला. म्हणजे रिंगा निर्दोष ठरल्या.

यापुढची परीक्षा साताऱ्यातल्या फार थोड्या गॅरेजांमध्ये मी होताना पाहिली आहे, आणि माझ्या मते यांत्रिक दोष शोधण्यासाठी तिच्याइतकी प्रामाणिक परीक्षा दुसरी नाही. तिला लीक-डाउन टेस्ट म्हणतात. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये इंजिन फिरत असते. हिच्यात ते स्थिर असते. त्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या फेरीत पूर्ण टॉपवर आणायचा, म्हणजे त्याचे सगळे व्हॉल्व्ह मिटलेले असतात, आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची. दोन गेज असतात: पहिल्यावर आत जाणारा दाब दिसतो आणि बारीक छिद्रापलीकडच्या दुसऱ्यावर सिलिंडरने धरून ठेवलेला दाब. शंभर पौंड दिले आणि नव्वद टिकले, तर गळती दहा टक्के. चांगल्या इंजिनात ती दहाच्या आतबाहेर असते. वीसच्या पुढे गेली तर लक्ष द्यावे, आणि तीसच्या पुढे गेल्यावर हवा कुठून जाते एवढाच प्रश्न उरतो.

पहिल्या प्रयत्नात मी फसलो. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन टॉपवर आणला, हवा सोडली आणि एअर फिल्टरमधून व सायलेन्सरमधून एकदमच जोराचा फुसकारा आला. क्षणभर वाटले, सगळे व्हॉल्व्ह जळाले. पण पिस्टन एका चक्रात दोनदा टॉपवर येतो, एकदा दाब देऊन आणि एकदा जळालेला वायू बाहेर ढकलून, आणि दुसऱ्या खेपेला हवा आत घेणारा इनटेक व वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात. मी त्या दुसऱ्या टॉपवर होतो. क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवला आणि या वेळी प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला. तो आतल्या हवेने ढकलला गेला, तेव्हा ही दाबाची फेरी हे नक्की झाले. आणखी एक सावधगिरी मिस्त्रींनी शिकवली. पिस्टन टॉपपासून केसभर जरी सरकलेला असला, तरी शंभर पौंडांची हवा त्याला खाली हाणते आणि क्रँकच्या बोल्टवर पाना तसाच राहिलेला असेल तर तो गर्रकन फिरून मनगट मोडू शकतो. म्हणून पाना काढून ठेवावा, गाडी गिअरमध्ये असावी आणि हवा हळूहळू वाढवावी.

बाकीच्या तीन सिलिंडरांची गळती आठ ते बारा टक्क्यांच्या दरम्यान आली, तिसऱ्याची पंचेचाळीस. मग केवळ ऐकण्याचे काम उरले. हवा इनटेकच्या नळीतून येत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या झाकणातून किंवा डिपस्टिकच्या नळीतून येत असेल तर रिंगा किंवा पिस्टन, शेजारच्या प्लगच्या भोकातून आली तर दोन सिलिंडरांमधले गॅस्केट, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट कूलंटच्या वाटेने फुटलेले किंवा हेडला तडा. मी एअर फिल्टरपाशी कान लावला, शांत. ऑइलच्या झाकणापाशी नेहमीची हलकी फुसफूस. मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी वाकलो तर तिथे सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबल्यासारखा स्पष्ट, एकसारखा आवाज. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नव्हता. तीन आठवड्यांत जे कळले नाही, ते हवेने दोन मिनिटांत सांगितले.

घाटात न चुकणारा ठोका नाक्यावर थांबल्यावर का चुकतो, याचा उलगडाही येथेच होतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरत असताना पिस्टनला दाबाचा एक झटका पूर्ण करायला सदतीस-अडतीस मिलिसेकंद लागतात. ३००० फेऱ्यांवर फक्त दहा. फट तेवढीच, पण निसटायला हवेला चौथा हिस्सा वेळ. शिवाय आयडलला, म्हणजे गाडी थांबून इंजिन नुसते चालू असताना, आत येणारे मिश्रणच मुळात थोडे असते, त्यातले काही गळाल्यावर उरलेले पेटत नाही. म्हणून व्हॉल्व्हची गळती आयडलला उघडी पडते आणि हमरस्त्यावर लपते. याच्या उलट, आयडलला ठीक आणि वरच्या फेऱ्यांवर ठोके गाळणारे इंजिन असेल, तर तुटलेल्या किंवा मऊ पडलेल्या व्हॉल्व्ह-स्प्रिंगचा विचार करावा, कारण तिथे व्हॉल्व्हला परत मिटण्यापुरती गतीच मिळत नाही.

व्हॉल्व्ह-कव्हर उघडून फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांनी, टॅपेट मोजले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलून उघडणारा कॅम यांच्यातली फट मोजली. थंड इंजिनावर एक्झॉस्टची फट ०.२५ ते ०.३० मिलिमीटर असायला हवी होती. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरांवर ती ०.१५ ते ०.१९ निघाली आणि तिसऱ्याच्या दोनपैकी एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर ०.०५ ची सर्वांत पातळ पातीही शिरेना. टॅपेट सैल झाला की टकटक ऐकू येते आणि माणूस धावत गॅरेजला जातो. टॅपेट घट्ट होतो तेव्हा इंजिन उलट जास्तच शांत वाटते, हीच त्यातली गोम आहे. सीएनजीवर गॅस कोरडाच आत जातो, पेट्रोलसारखा ओलावा आणि थंडावा व्हॉल्व्ह-सीटला मिळत नाही, व्हॉल्व्ह आपल्या सीटवर आपटून आपटून ती झिजवतो आणि स्वतः हळूहळू हेडमध्ये वर चढतो. तो जितका वर चढेल तितकी त्याची शेपटी कॅमच्या जवळ जाते आणि फट घटते. फट शून्यावर आली की कॅम त्याला पूर्ण मिटूच देत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या अंगातली बहुतेक उष्णता सीटला टेकल्या क्षणीच हेडमध्ये उतरते. टेकणे थांबले की उष्णतेची वाट बंद होते आणि व्हॉल्व्हची कड जळू लागते. ज्या इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट आहेत, त्यांत ही फट आपोआप सांभाळली जाते. माझ्या इंजिनात ते नाहीत. ३१,००० किलोमीटरला सीएनजीचे किट बसवले आणि ९४,००० पर्यंत कोणीही, मी धरून, टॅपेटला हात लावलेला नव्हता.

सगळे समजल्यावरही मी इनटेकच्या नळीतली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावून पाहिला, कारण हेड न उघडता केवळ एका नळीवर किती कळते, हे मला पाहायचे होते. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलवर १७ ते २२ इंच पारा दाखवते आणि काटा स्थिर असतो. दर ३०० मीटर चढाईला साधारण एक इंच वजा करायचा, म्हणजे साताऱ्यात दोन-सव्वादोन इंच कमी. माझा काटा १६ वर उभा राही आणि ठरावीक ठेक्याने तीन इंच खाली उडी मारून परत येई. एकाच व्हॉल्व्हचा दोष असल्याची ही ठळक खूण आहे. काटा स्थिर पण खूपच खाली असेल, तर टायमिंग मागे पडलेले किंवा इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट हवा ओढत असते. ती बाहेरची चोरटी हवा आयडलला मिश्रण पातळ करते आणि ठोके गळतात, कॉम्प्रेशन मात्र पूर्ण निघते. आणि इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरून ठेवल्यावर काटा हळूहळू घसरू लागला, तर सायलेन्सरच्या वाटेत, बहुधा धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, अडथळा आहे. दिवा लुकलुकत असताना तशीच गाडी हाकत राहिल्यास न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्याची जाळी वितळते, त्यामुळे मूळचा तीन-चार हजारांचा दोष फार महाग पडतो.

कॉम्प्रेशन ठीक आले म्हणजे यांत्रिक दोष नाही, असेही समजू नये. कॅमचा उंचवटा झिजला असेल तर व्हॉल्व्ह पुरेसा उघडतच नाही. स्टार्टरवर सावकाश फिरताना सिलिंडर कसाबसा भरतो आणि आकडा बरा येतो, पण चालू इंजिनात त्याचा श्वास कोंडतो. कव्हर काढून सगळ्या उंचवट्यांची उंची मोजली तरच ते कळते. आमच्या कराडच्या मेहुण्यांच्या गाडीने तर मला आणखी निराळा धडा दिला. ती रोज सकाळी पहिला अर्धा मिनिट ठोके गाळी, मग दिवसभर एकदम शहाणी. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत सारखे. कूलंट मात्र महिन्याला पेलाभर कमी होई. रात्रभर गाडी उभी असताना गॅस्केटच्या केसाएवढ्या वाटेने चार थेंब एका सिलिंडरमध्ये उतरत आणि सकाळी ते वाफ होऊन उडेपर्यंत प्लग ओला राही. गरम इंजिन बंद करून, कूलंटला दाब देणारा पंप रेडिएटरवर रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी प्लग काढून छोट्या कॅमेऱ्याने आत पाहिले, तेव्हा दुसऱ्या पिस्टनच्या डोक्यावर हिरवट डबके दिसले.

माझ्या गाडीचे हेड उतरले. जळालेल्या व्हॉल्व्हची कड एका जागी नखाएवढी खाल्लेली होती. तिसऱ्याचे दोन्ही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे घातले, लेथवाल्याकडे सीट कापून घेतल्या, हेडची पातळी तपासली आणि व्हॉल्व्ह मिस्त्रींनी हाताने घासून बसवले. हेड चढवण्यापूर्वी पोर्टमध्ये पेट्रोल ओतून ते सीटखालून पाझरत नाही, एवढे पाहिले. नंतर टॅपेटचा हिशेब. या इंजिनात स्क्रू नाही, ठरावीक जाडीच्या टॅपेट-वाट्याच बदलाव्या लागतात, आणि त्यांचे गणित साधे आहे: जुन्या वाटीच्या जाडीत मोजलेली फट मिळवायची आणि हवी असलेली फट वजा करायची. जुनी ३.२० मिलिमीटर, फट ०.१५, हवी ०.२८, म्हणून नवी ३.०७. आठपैकी सात वाट्या कोल्हापूरहून आल्या, आठवीसाठी नऊ दिवस थांबावे लागले आणि मिस्त्रींनी “आहे ती घासून बसवू का” असे दोनदा विचारले. वाटीच्या पृष्ठभागाला दिलेला कठीणपणा घासण्याने जातो, म्हणून मी दोन्ही वेळा नाही म्हणालो.

जोडणीनंतर तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन १७४ पौंड आले, म्हणजे चौघांत तोच आता अव्वल. परवा १,०३,००० किलोमीटरला कव्हर पुन्हा उघडले. सात व्हॉल्व्हची फट जागच्या जागी आहे. दुसऱ्या सिलिंडरचा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ०.२८ वरून ०.२५ वर आला आहे. वहीत त्याच्यापुढे खूण केली आहे आणि १,१०,००० ला त्याची फट पुन्हा मोजायची आहे.